तिसऱ्या दिवसाची पहिली बारी

आक्का दमली होती. चाळीस घरांचं पाणी तीस वर्षं डोक्यात घेऊन चालल्यावर माणूस जसं दमेल, तशी दमली होती. डोक्यावर हंडा असता तर निदान उतरवून ठेवता आला असता.

गावात पाट एक आणि घरं चाळीस. आठ दिवसांचं चक्र, दिवसाला पाच बाऱ्या. बारी म्हणजे शेतात पाणी घ्यायची ठरलेली वेळ. कुणाची बारी कधी, पाटाचं दार किती विती उघडायचं, कुणाच्या बांधावरून जायचं, पाऊस रुसला तर कुणी किती पाणी सोडायचं, हे सगळं आक्काच्या डोक्यात. तिच्या आधी ते तिच्या आईच्या डोक्यात होतं आणि त्याआधी आजीच्या. आपली बारी ज्याला त्याला ठाऊक असायची. शेजाऱ्याची अर्धवट ठाऊक असायची, आणि तीही स्वतःच्या सोयीची. पण सगळ्या चाळीस एका दमात सांगू शकेल अशी गावात एकच, ती आक्का. आपल्याला दोन कविता पाठ करायच्या म्हटलं तरी पोटात दुखतं. इथं बाई चाळीस घरं पोटात घेऊन जेवायला बसायची, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत दारात कुणीतरी उभं!

"आक्का, ह्यानं दार वीतभर जास्त उघडलं!"

"आक्का, ही म्हणते माझी बारी संपली. संपली का गं? सावली अजून खांबाला तरी लागलीय का?"

घास तसाच खाली ठेवायचा, डोळे मिटायचे, बोटांची पेरं मोजायची आणि सांगायचं. तिनं सांगितलं की भांडण मिटायचं. सांगणारीनं सांगितलं म्हणजे संपलं.

म्हणूनच कोरक्या गावात आला तेव्हा आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आपलं काम जाणार म्हणून रडतेय बिचारी. कसलं काय! ती सुटकेचं रडत होती.

कोरक्या नदीच्या खालच्या अंगाच्या मोठ्या गावातून आलेला. तिकडे म्हणे आता सगळं मातीत लिहून ठेवतात. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण दुसऱ्याच दिवशी लोकांनी त्याचा कोरक्या केला आणि तोही मुकाट ओ द्यायला लागला. चाळिशीचा, पाठीत वाकलेला, कमरेला बोरूच्या काड्यांची जुडी. पाटाच्या दाराशी एक बुटकी खोली होती, तिथं त्यानं बस्तान मांडलं. कोपऱ्यात पाण्याचा रांजण, मधे चटई, मांडीवर फळी, फळीवर ओल्या मातीची पाटी आणि पाटीवर ओलं फडकं, कारण माती वाळली की संपलं.

नावं लिहायची अक्षरं तेव्हा कुणाला सुचलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक घराला एकेक खूण. कुंभारणीला मडकं, बागवाल्याला झाड, विणकरणीला धोटा. शेळ्या राखणारा मात्र हटून बसला.

"मला शेळीच का? बैल काढ की."

"तुझ्याकडे बैल आहे?" कोरक्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मातीला काय कळतंय!"

सगळी खोली हसली. आक्काही हसली. पण ते वाक्य तिच्या छातीत काट्यासारखं रुतलं. मातीला खरंच काही कळत नाही. सांगाल ते ती धरून ठेवते.

कोरक्याचा नियम एकच. बाऱ्या तीनदा ऐकायच्या. पहिल्यांदा ऐकताना कोरायचं, पुढच्या दोन वेळा एकेका खुणेखाली बोट धरून ताडून बघायचं. तिन्ही वेळा जुळलं की पाटी उन्हात, आणि वाळली की भट्टीत. "मग आभाळ कोसळलं तरी बदलणार नाही," तो अभिमानानं सांगायचा.

लेक आईला न्यायलाच आली होती. खोलीच्या उंबऱ्यावर गाठोडं बांधून बसलेली. "आई, आता पुरे. सगळं मातीला सांग आणि चल माझ्याकडे. आठ दिवस नुसती झोप."

आठ दिवस झोप! आक्काला वाटलं, ह्यापेक्षा गोड शब्द जगात कुणी उच्चारला नसेल.

आता खरी गोष्ट सांगते. आक्काच्या चाळीस बाऱ्यांत दोन चुकलेल्या होत्या. हे फक्त तिला माहीत होतं.

तीस वर्षांपूर्वी पुरानं पाट फोडला. दोन वर्षं पाटाला पाणीच नव्हतं, मग बाऱ्या कसल्या आणि काय! नवा पाट खणून झाला, पाणी सोडायचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच दिवशी उजाडता उजाडता आक्काची आई गेली. आईच्या आजारपणात नऊ रात्री आक्काच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंगावर तीन महिन्यांची लेक. तशीच ती पाटाच्या दाराशी जाऊन उभी राहिली, कारण पाणी थांबत नाही आणि गावही थांबत नाही. डोळे मिटले, पेरं मोजली आणि सांगायला लागली. तिसऱ्या दिवसाशी कुठंतरी तिला उभ्या उभ्या डुलकी लागली. पहिली बारी कुंभाराची, सकाळच्या गारव्यातली. तिसरी बागवाल्याची, ऊन डोक्यावर असतानाची. तिनं सांगितलं ते उलट.

कुणी हूं की चूं केलं नाही. कुंभाराच्या घरची शेती सासरा बघायचा, तो पुरात वाहून गेलेला. मुलगा चाकाला आणि भट्टीला बांधलेला, आणि सून, म्हणजे आजची कुंभारीण, तर नुकतीच लग्न होऊन आलेली पोर. त्यांना सांगणार कोण? आताच्या बागवाल्याच्या बापानं तेवढी एकदा मान वर केली, आक्काकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी लेकीला पाजताना आक्काला एकदम आठवलं. ती उठली, कुंभाराच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. पहिल्याच दिवशी चुकलेली सांगणारी कोण ठेवून घेणार? नवऱ्याचा पत्ता नाही, आई गेली, राहतं घर सांगणारीला म्हणून मिळालेलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. सकाळी दारात फळांची टोपली होती. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती. अंगावर पिणारं पोर, रात्रभर पोट उपाशी. तिनं खाल्ली ती फळं. आणि मग 'उद्या' काही आलाच नाही.

दरवर्षी टोपली येत राहिली. तो बाप गेला, त्याचा मुलगा बागवाला झाला, तरी टोपली चुकली नाही. ती का जाते हे त्या मुलाला माहीत नव्हतं. बापाची रीत म्हणून पाठवायचा. आणि भरउन्हातलं पाणी कुंभारणीच्या शेतात शेवटच्या वाफ्याला पोचेपर्यंत निम्मं वाटेतच मरायचं. आधी कडेचे वाफे पडीक गेले, मग मधले. शेतावर चौघांचं भागेना म्हणून दोन्ही मुलगे गाव सोडून गेले. नवरा खचून गेला, मग वारला. कुंभारणीनं कधी कुणाला बोल लावला नाही. नशीब म्हणाली, माती म्हणाली, ऊन म्हणाली. शेजारच्याच घरातल्या आक्काला रोज संध्याकाळी विचारायची, "आक्का, जेवलीस का गं?"

कोरक्यासमोर पहिल्या दिवशी आक्कानं चाळीस बाऱ्या सांगितल्या. सांगता सांगता चक्राचा तिसरा दिवस आला तशी तिनं मनाशी गाठ मारली होती, की आता बरोबर सांगायचं. पण जीभ आपली जुन्या वाटेनं गेली सुद्धा! तीस वर्षं रुळलेली जीभ ती. कोरक्यानं पहिल्या जागी झाड कोरलं, तिसऱ्या जागी मडकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसऱ्यांदा सांगायला आली, तेव्हा कुंभारीण खोलीबाहेर दगडावर माती तिंबत बसली होती. पाटीची माती तीच करून देत होती. खडा नाही, कचरा नाही, लोण्यासारखी.

"काय सुंदर मळतेस गं," आक्का म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मग! आपल्या घराचं नाव बसणार तिच्यावर." कुंभारीण कोपरापर्यंत चिखलात होती आणि हसत होती. "बघितलं मी काल. मडकं काढलंय त्यानं. कान जरा वाकडा काढलाय मेल्यानं, पण मडकंच आहे. आक्का, आता बरं झालं बघ. आपण मेलो तरी माझ्या नातवंडांना कळेल, की आपली बारी ही. कायमची."

आक्का आत गेली. घामानं तिची पाठ भिजली होती. तिनं दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. कोरक्याचं बोट खुणांखालून सरकत गेलं आणि कुठंही अडलं नाही. "वा! शब्दाला शब्द," तो म्हणाला. "दुपारी एकदा झालं की सुटलो आपण दोघं. मलाही घर आहे, आक्का. बायको चेहरा विसरली असेल."

दुपारी खोली भरून माणसं बाहेर सांडली होती. तिसऱ्यांदा ऐकायला झाडून सगळे आलेले. आक्का चटईवर बसली. डोळे मिटले. पहिला दिवस झाला, दुसरा झाला. अंगठा तिसऱ्या बोटावर आला आणि थांबला.

"तिसरा दिवस," ती म्हणाली. "पहिली बारी..."

बाहेर माती दगडावर आपटल्याचा आवाज येत होता. थप्. थप्.

"पहिली बारी कुंभाराच्या घरची. दुसरी विणकराची. तिसरी, डोक्यावर ऊन, ती बागवाल्याची."

कोरक्याचं बोट झाडाखाली अडलं. "आक्का, पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा तेच सांगितलं. आणि खोलीत एकच कालवा.

"चुकली!"

"चुकणारच. वय बघा की."

"अहो, काल बरोबर, सकाळी बरोबर. दोन विरुद्ध एक. कोरक्या, तू दोन धर."

"पाणी द्या तिला आधी. घाम बघा केवढा सुटलाय."

कोरक्या पुढे झुकला आणि मऊ आवाजात म्हणाला, "दमलात तुम्ही. जरा आडव्या व्हा. पाटीवर आहे तेच बरोबर ना?"

बागवाल्यानं स्वतःच्या खांद्यावरचं कापड काढून त्याची घडी केली आणि चटईवर ठेवली. "पड आक्का घटकाभर. आम्ही कुणी काही म्हणत नाही तुला."

आणि आक्का आडवी झाली.

काय सुख होतं ते! डोक्याखाली मऊ घडी, पाठीला गार जमीन. तिच्या मनात आलं, मी सांगितलं की! सगळ्यांसमोर सांगितलं. ह्यांनीच ऐकलं नाही, त्याला मी काय करू? विसरभोळी म्हातारी म्हणतील. म्हणू देत. आठ दिवस झोपेन, नंतर ह्या गावाचं तोंड बघायचं नाही. पापण्या मिटल्या तशा जड झाल्या. कुणीतरी फळी उचलली. ओलं फडकं सोलून काढल्याचा ओला आवाज झाला. "चला, उन्हात ठेवू," कोरक्या म्हणाला.

पावलं उंबऱ्यापर्यंत गेली.

"थांबा," आक्का म्हणाली.

उठून बसायला तिला दोन्ही हात टेकावे लागले. "आज नाही विसरले मी. तेव्हा विसरले. नव्या पाटाच्या दिवशी. दोघांच्या बाऱ्या उलट्या सांगितल्या. त्याच संध्याकाळी कळलं मला, आणि मी गप्प बसले. तीस वर्षं."

बाहेरची थप् थप् थांबली.

आधी बागवाला बोलला. "आक्का, काहीतरीच काय बोलतेस? आणि समज झाली चूक, तरी तीस वर्षं टिकलेली चूक काय चूक राहते? माझी झाडं सकाळच्या पाण्यावर वाढलीत."

"तुझ्या बापाला ठाऊक होतं."

"माझ्या बापाचं नाव घ्यायचं नाही!"

"टोपली कशासाठी येते रे माझ्या दारात? कधी विचारलंस स्वतःला?"

उंबऱ्यावरच्या लेकीनं आईकडे पाहिलं. ती फळं खाऊन आईला आलेल्या दुधावर आपण वाढलो, हे तिला आत्ता कळत होतं.

मग मात्र सगळेच सुटले. "म्हणजे आमची चौथी तरी खरी का?" "आमची किती विती?" "हिनं अजून काय काय उलटं केलंय कोण जाणे!" कोरक्या फळी छातीशी धरून ओरडला, "मी लिहितो! मी ठरवत नाही!" पण ऐकणार कोण?

कुंभारीण आत आली. लोक आपोआप बाजूला झाले. तिनं आक्काकडे बघितलं नाही. ती कोरक्यासमोर उभी राहिली आणि पाटीवर बोट ठेवलं. "हे माझं?"

"हो."

"आणि हे त्याचं?"

"हो."

तिनं अंगठा टेकवला आणि ओढला. झाडावरून, धोट्यावरून, मडक्यावरून. अख्खी ओळ पुसली. मग दोन्ही हातांनी पाटी फळीवरून उचलली, घडी घातली आणि बाहेर नेऊन दगडावर आपटली.

"अगं बाई! दोन दिवसांचं काम होतं ते!" कोरक्या रडायचा बाकी होता.

"दोनच ना?" कुंभारीण म्हणाली आणि माती तिंबायला लागली. मान खाली घालूनच पुढचं बोलली. "आता हिला कुणी काही विचारायचं नाही. घरटी एक माणूस पुढे येईल. आपली बारी आपण सांगेल. शेजारचं घर 'हो' म्हणेल. मगच कोरायचं."

ऊन अजून बरंच होतं. कोरक्यानं कपाळाला हात लावला, मग नवी काडी सोलायला घेतली.

पहिल्या दिवसाची पाच घरं झाली, दुसऱ्या दिवसाची झाली. मग कुंभारीण पुढे आली. "तिसरा दिवस, पहिली बारी माझी."

"शेजार कोण?" कोरक्यानं विचारलं.

म्हातारी विणकरीण काठी टेकत उठली. तिची दुसरी बारी, दोघांच्या मधली. "पुराच्या आधीच मी आमच्या घरात सून होऊन आले होते," ती म्हणाली. "सासरा म्हणायचा, कुंभारानं पाणी सोडलं, उठा गं पोरींनो. कुंभारानंच म्हणायचा. नंतर आमच्या आधी बागवाला यायला लागला. मला वाटलं, पाट नवा तर रीतही नवी. मी कोण विचारणारी?" तिनं सुस्कारा सोडला. "हो. पहिली तिचीच."

सगळ्यांच्या माना बागवाल्याकडे वळल्या. तो 'हो' म्हणाला नाही. 'नाही'ही म्हणाला नाही. चटईवरची कापडाची घडी त्यानं उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि आपल्या बागेकडे निघून गेला. कोरक्यानं काडी ओल्या मातीत दाबली. आधी मडकं. मग धोटा. मग झाड.

"कान सरळ काढ," कुंभारीण म्हणाली. एवढंच.

लेक आईजवळ येऊन वाकली. "चल आई. तुझं काम झालं आता इथलं." मग कुंभारणीकडे वळून हळूच म्हणाली, "मावशी, नेऊ ना तिला? बसवत नाहीये बघ."

आक्काची मान खरंच एका बाजूला कलली होती. कुंभारीण हात न धुता तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. दुपारपासून पहिल्यांदाच तिनं आक्काच्या डोळ्यांत बघितलं.

"झोपायचं नाही, आक्का. शेवटचं घर होईपर्यंत बसायचं. जागं बसायचं."

लेक काही बोलणार होती. आक्कानं तिचा हात दाबला.

"बसते," ती म्हणाली.

चौथा दिवस झाला, पाचवा झाला. घरं येत होती, भांडत होती, 'हो' म्हणत होती. शेळ्या राखणाऱ्यानं पुन्हा एकदा बैलाचं जमतंय का बघितलं, जमलं नाही. कुठं अडलं की कोरक्या सवयीनं आक्काकडे बघायचा आणि मग एकदम नजर काढून घ्यायचा. त्या अडलेल्या जागा सगळ्या तिला येत होत्या. जिभेच्या टोकावर होत्या. ती बोलली नाही. पाठीला खांब होता, तरी तिनं पाठ टेकली नाही. पापण्या खाली यायला लागल्या की ती बोटानं वर उचलून धरायची. सावली खांब ओलांडून रांजणापर्यंत आली, रांजण चढून भिंतीला लागली.

चाळिसावं घर बोलायला उभं राहिलं, तेव्हा आक्का जागी होती.